अप्पांनी फ्रेम केलेलं पान

आमच्या घरात 'ट्रिप' म्हणजे सहल नव्हे. हा शब्द अप्पांच्या डब्याबरोबर कारखान्यातून घरी आला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये ऑपरेटर होते. गाळप चालू असताना कुठे काही अडकलं, टर्बाइनवर एकदम भार आला, की ब्रेकर खाडकन पडायचा. कॉलनीतले दिवे जायचे, कायम कानात बसलेली मिलची घरघर उतरत उतरत थांबायची आणि त्या शांततेनेच आम्ही दचकायचो. आई अंधारात तव्यावरची भाकरी चाचपून उलटायची आणि म्हणायची, "झालं ह्यांचं ट्रिप." थोड्या वेळाने दिवे यायचे, घरघर चढायची आणि जो तो आपापलं काम पुढे चालू करायचा. त्यामुळे माझी धाकटी बहीण छाया बोलता बोलता मधेच थांबायला लागली, काही क्षण कुठेतरी जाऊन परत यायला लागली, तेव्हा त्याला नाव शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते शेंगोळी वळताना. थंडीत आई हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायची, घट्ट मळायची आणि परात आम्हा दोघींपुढे सरकवायची. पोळपाटावर तळहाताने पीठ लांबवत न्यायचं, दोरीसारखं झालं की वेटोळं करून उकळत्या पाण्यात सोडायचं. माझी शेंगोळी जाडी-बारीक व्हायची. छायाची पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची. अप्पा एखादं उचलून उजेडात धरायचे. "बघ उजे, तार वढल्यासारखी काढती ही. ही पोरगी मास्तरीण न्हाई, इंजिनियरच हुनार." त्या दिवशी छाया मला शाळेतल्या कुणाची तरी गंमत सांगत होती. "आणि मग बाई तिला म्हणाल्या—" एवढं झालं आणि तिचा तळहात पोळपाटावर जिथल्या तिथे थांबला. पापण्या बारीक फडफडत होत्या. उकळत्या पाण्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती, तिला कळत नव्हतं. मी "छाये" म्हटलं, परत म्हटलं. मग हात आपोआप पुढे सरकला आणि ती म्हणाली, "—की तुझी वेणी कुणी घातली?" आणि हसली. मी का हसत नाही हेच तिला कळेना.

तिला स्वतःला यातलं काही जाणवायचं नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण तेव्हा लोकांना ते पटत नसे. तिच्यापुरता काळ कुठे तुटलेलाच नसायचा. तुटायचं ते आमच्या बाजूने. शाळेत मात्र ते वहीत उतरायचं. तिच्या श्रुतलेखनात वाक्याची सुरुवात असे, शेवट असे, मधले शब्द गायब. बाई म्हणायच्या, लक्ष नसतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, पाटाच्या कडंला वाऱ्यात सापडली. आईने दंडाला काळा दोरा बांधला आणि तिला पाटाकडे, कालव्यावर, एकटं सोडायचं बंद केलं. आणि ही लक्ष नसलेली मुलगी संध्याकाळी दाराच्या पायरीवर शाळा भरवायची. कॉलनीतली लहान पोरं ओळीने बसायची, छाया हातात चिपाड घेऊन पाढे म्हणून घ्यायची आणि पाढा म्हणता म्हणता थांबली, तर पोरंसुद्धा थांबून तिची वाट बघायची. त्यांना तो पाढ्याचाच भाग वाटायचा. मोठं होऊन गणिताची बाई व्हायचं, हे तिचं ठरलेलं होतं. मास्तरीण की इंजिनियर, एवढाच बापलेकींचा वाद होता. शाळा सुटेल हे त्या वादात कुठेच नव्हतं.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेवटी नगरला पाठवलं. तिथे एका खासगी दवाखान्यात मेंदूची तपासणी करणारं मशीन आलं होतं. कॉलनीत त्याला मेंदूचा कार्डिओग्राम म्हणत. जायच्या आधी मी नेहमीप्रमाणे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली: डबा, पाण्याची बाटली, जुनी चिठ्ठी, छायाचा स्वेटर, केस धुणे, तेल न लावणे. शेवटच्या दोन ओळी डॉक्टरांच्या होत्या. मी त्यांच्याखाली रेघ मारली होती. पहाटे बघते तर छायाचे केस धुतलेले, नि वर खोबरेल तेल थापून दोन वेण्या, लाल रिबिनी. "आई, तेल लावायचं नव्हतं!" "अगं, परगावी जायचं, मोठ्या डॉक्टरासमोर बसायचं, भुरभुरत्या केसांनी? मानसं म्हनतील, हिला आई न्हाई." नगरला मशीनवरच्या बाईंनी त्या वेण्यांकडे एकदा, आईकडे एकदा बघितलं आणि साबणाची वडी आईच्या हातात दिली. दवाखान्यामागच्या नळावर आईने पुटपुटत छायाचं डोकं तीनदा धुतलं. आज मी एका तपासणी केंद्राचं ऑफिस सांभाळते, आणि ईईजीसाठी, म्हणजे त्याच तपासणीसाठी, येणाऱ्यांना द्यायचा सूचनांचा कागद मीच मराठीत लिहिला आहे. त्यात 'तेल लावू नये' हे दोन वेळा आहे, सुरुवातीला आणि शेवटी. तरी आठवड्यातून एक तरी वेणी चमकत येतेच, आणि मला त्या आईवर रागावता येत नाही.

आत एकाच मोठ्या माणसाला परवानगी होती, म्हणून आई गेली. अप्पा आणि मी बाहेर बाकावर. दाराच्या फटीतून कागदावर रेघा ओढणाऱ्या मशीनच्या लेखण्यांचा आवाज यायचा, खरखर, खरखर, कोंबडीने पाचोळा उकरावा तसा. मग छायाच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि जोरजोरात फुंकर मारायला सांगितलं. ते आईने नंतर सांगितलं. फुंकर मारता मारता छाया थांबली, भिरभिरंही थांबलं. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे त्या क्षणी लेखण्यांनी काय केलं ते तिने पाहिलं नाही. घरी जाताना एसटीत ती म्हणाली होती, "आत फुंकर मारताना ट्रिप झाली की पोरगी." अप्पांनी हूं केलं. त्यांच्या मांडीवर कागदांची चवड होती आणि लक्ष सगळं त्या कागदांत होतं. ट्रिप आईने बघितली होती, कागद अप्पांच्या हातात होता. या दोन गोष्टी त्या एसटीत एकाच सीटवर बसल्या होत्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत. इतक्या वर्षांनीही मला तीच सीट आठवते.

डॉक्टर मोठे होते, पुण्याहून ठरावीक दिवशी यायचे आणि बाहेर माणसांची रीघ होती. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, औषध चुकवू नका म्हणाले, पुढची तारीख सांगितली. अप्पांनी विचारलं, "साहेब, रिपोर्ट?" "आहे त्यात. लिहिलंय सगळं." अप्पांचं इंग्रजी कारखान्यापुरतं होतं. परतीच्या एसटीत रिपोर्ट वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि ते सीटवर ताठ झाले. "उजे, हे वाच. हे काय लिवलंय?" मी वाचलं. "सिंक्रोनस." "आनि ह्यो?" "सिमेट्रिकल."

सिंक्रोनस हा शब्द अप्पांसाठी काय होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याचं जनित्र बाहेरून येणाऱ्या बोर्डाच्या लाइनीला जोडायचं असे. दोन्हीकडची वीज लाटांनी येते, आणि दोन्हींच्या लाटा तंतोतंत एकत्र वर, एकत्र खाली व्हायला लागल्या, तरच स्विच मारायचा. जरा चुकलं तर अख्खं मशीन हादरतं, शाफ्ट पिळवटतो. पॅनलवर एक घड्याळासारखं यंत्र असतं, त्याचा काटा गोल फिरतो, हळू होत जातो, आणि बारावर आला की त्या क्षणी हात चालवायचा. हे काम अप्पांचं होतं. एकदा ते मला दाखवायला घेऊन गेले होते. सगळे ऑपरेटर गप्प उभे, चीफ साहेबसुद्धा. काटा चढत होता. अप्पांनी श्वास धरला, हात फिरवला, आणि जमिनीतून येणारा सूरच बदलला, दोन आवाजांचा एक झाला. कुणीतरी म्हणालं, "आलं सिंक्रोला!" अप्पांच्या तोंडावर जो आनंद मी तेव्हा बघितला तो आमच्या कुणाच्या लग्नातही पुन्हा बघितला नाही. जगात जे काही बरोबर असतं ते सिंक्रोनस असतं, हे त्यांच्यासाठी शास्त्र होतं आणि अध्यात्मही.

म्हणून एसटीत त्यांनी ती चवड उलगडायला घेतली. पानामागून पान नुसता गिचमिडा. बारीक, अनियमित, कुठे वर, कुठे खाली, एका ओळीचा दुसरीशी मेळ नाही. अप्पांचं तोंड उतरत गेलं. आणि मग ते पान आलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी एकदम जाग्या झालेल्या. एक टोकदार सुळका, मागे एक गोल लाट, पुन्हा सुळका, पुन्हा लाट, सगळीकडे एकाच वेळी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं काटेकोर. पानाच्या शेवटाला ते जसं सुरू झालं तसं एकदम थांबत होतं आणि पुन्हा गिचमिडा. "हे बघ," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हितं लागलंय मशीन बरोबर. म्हंजे मूळ मशीन चांगलं हाय. बाकीचा खडखडाट तेवढा काढायचा." शेजारी कांद्याची पिशवी घेऊन बसलेले पुणतांब्याचे एक आजोबा वाकून बघत होते. "काय हाय वो पावनं? मोजनीचा नकाशा?" "न्हाई. माझ्या पोरीचं डोकं हाय." आजोबांनी कागदाकडे बघितलं, मग खिडकीशी झोपलेल्या छायाकडे. "लई वळनाचं हाय," ते म्हणाले. अप्पा कितीतरी दिवस ते वाक्य सांगत होते.

ते पान अप्पांनी पट्टी लावून कापलं आणि श्रीरामपूरला जाऊन फ्रेम करून आणलं. देव्हाऱ्याच्या उजव्या हाताला खिळा ठोकला. आईने काचेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. पॉवर हाउसमधले लोक चहाला आले की अप्पा त्यांना उभं करून दाखवायचे, आणि तेही मान डोलवायचे, कारण ते सगळे सिंक्रोची किंमत जाणणारे होते. मलाही ते पान फार आवडायचं. मला लहानपणापासून सगळं ओळीत लागतं: डबे उंचीप्रमाणे, वह्या विषयाप्रमाणे. परीक्षेच्या दिवशी मी निघताना त्या फ्रेमकडे बघून पाया पडायचे.

गोळ्यांनी गुण आला. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात ते झाकलं गेलं. छायाच्या श्रुतलेखनातली भोकं बुजली. पायरीवरच्या शाळेत पाढे न थांबता पुढे जायला लागले. पण तिचे केस गळायला लागले, आईच्या फणीत झुबकेच्या झुबके. ती सुस्तावली, अंगाने भरली, आणि हात बारीक थरथरायचा, त्यामुळे शेंगोळी माझ्यासारखीच जाडी-बारीक निघायला लागली. ती हसायची, "अक्का, आता आपण दोघी सारख्या." अप्पा हसायचे नाहीत. मग तारखेप्रमाणे दुसरी तपासणी झाली. त्या दिवशी पुण्याचे डॉक्टर आलेच नाहीत. खिडकीवर कागद मिळाले आणि पुढच्या खेपेला दाखवा म्हणून सांगितलं. अप्पांना तोवर धीर कुठला. घरी येऊन त्यांनी चवड जमिनीवर पसरली आणि रांगत रांगत एक एक पान बघितलं. सगळा गिचमिडा. ते पान यावेळी नव्हतंच. रिपोर्टमध्ये सिंक्रोनस शब्द होता, पण त्याच्या आधी 'नो' होतं.

आईने ताटं वाढली होती, बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी. कुणी जेवेना. अप्पा उठून फ्रेमसमोर उभे राहिले, हातात नवं पान. "पोरीचा सिंक्रो गेला," ते म्हणाले. "गोळ्यांनी घालवला." आई म्हणाली, "पन ट्रिप तर कमी झालीय की." "ट्रिप कमी झाली म्हंजे काय? ब्रेकर बांधून ठिवला तर ट्रिप कशी हुईल? आत मशीन जळतंय त्याचं काय? केस बघ तिचं. हात बघ." आईने केस बघितले होतेच. "डॉक्टर म्हनले हुते चुकवू नका," ती तरी म्हणाली. "डॉक्टरनी ह्यो कागद बघितला न्हाई, आशा. मी बघतोय." दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची डबी फडताळात वर गेली. आपल्या लेकीवर ज्याचं प्रेम नव्हतं अशा माणसाने हे केलं नसतं. ज्याला कागदातलं काही कळत नव्हतं अशानेही केलं नसतं. अर्धं कळणारा, जीव टाकणारा बापच ते करू शकत होता.

आमच्या केंद्रात नवं मशीन आलं तेव्हा ते चालतं का बघायला टेक्निशियनने मलाच खुर्चीत बसवलं. आता लेखण्या नसतात, पडद्यावर रेघा धावतात. तो म्हणाला, "मॅडम, डोळे मिटा." मिटले. "आता उघडा, आणि हे बघा." मी डोळे मिटले होते तेवढ्या वेळात माझ्या डोक्याच्या मागच्या भागातून एक संथ, सारखी लाट उठली होती, आणि पुढे येता येता विरत गेली होती. उघडल्याबरोबर ती मोडली होती आणि तिच्या जागी बारीक गर्दी. बघायला काही नसलं की मागच्या बाजूच्या पेशी रिकाम्या बसून एकत्र झुलायला लागतात. काम आलं की पांगतात, जो तो आपल्या कामाला. टेक्निशियन पुढच्या तपासणीला लागला. हे कुणी अप्पांना डोळे मिटून-उघडून दाखवलं असतं, तर तेवढ्यात कळलं असतं त्यांना. ते मशीनचे माणूस होते. त्यांना सांगून नव्हे, दाखवून कळायचं.

गोळ्या बंद झाल्यावर छायाचे केस परत आले, हात स्थिर झाला आणि ट्रिपाही परत आल्या, आधीपेक्षा जास्त. अप्पा म्हणायचे, गोळ्यांचा मळ निघतोय, निघू द्या. आम्ही दोघी सायकलवर हायस्कूलला जायचो. रस्ता अर्धा पाटाच्या कडेने होता. आईची अट होती की छायाने माझ्या मागेच राहायचं. मी सारखी मागे वळून बघू शकत नसे, म्हणून आमचं ठरलं होतं की दर विजेच्या खांबाला छायाने घंटी वाजवायची. ट्रिंग, खांब, ट्रिंग, खांब. त्या तालाची मला इतकी सवय झाली होती की मी त्यावर कविता पाठ करायचे. हंगाम भरात होता, उसाच्या बैलगाड्यांची रांग समोरून येत होती, पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं. खांब गेला आणि घंटी आली नाही. मी वळले तेव्हा सायकल कडेच्या गवतात आडवी होती, मागचं चाक फिरत होतं आणि छाया नव्हती.

ओरडले असेन मी. एका गाडीवानाने कासरा टाकून तशीच उडी घेतली. पाणी गढूळ होतं, ओढ होती. मला आधी लाल रिबीन दिसली, मग त्याच्या मुठीत तिची वेणी. गवतावर आणून पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या, पाणी निघालं आणि छाया खोकत उठून बसली. भोवती गाडीवान, त्यांच्या बायका, डोक्यावर उसाच्या वाढ्याचे भारे तसेच. छायाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, माझा डबा वाहून गेला." एक बाई डोळ्याला पदर लावून हसत म्हणाली, "वाचली वाचली. भूक लागलीय बघा तिला."

नगरच्या डॉक्टरांसमोर यावेळी आम्ही सगळे बसलो होतो, अप्पा कडेच्या खुर्चीवर. डॉक्टरांनी दोन्ही चवडी मागितल्या. यावेळी ते शांतपणे बघत होते, कारण मुलगी पाटातून काढली हे त्यांनी ऐकलं होतं. पहिली चवड चाळता चाळता ते थांबले. "यात मधलं एक पान नाही. तेच महत्त्वाचं होतं." अप्पा लगेच म्हणाले, "हाय साहेब. घरी हाय. चांगलं पान म्हनून मी फ्रेम केलंय." मला आजही वाटतं, डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चांगलं म्हणजे?" "सिंक्रोनस लिवलंय ना तुमी. सगळ्या लाईनी एका तालात."

"तुम्ही बाजाराला जाता का कधी? काष्टीच्या वगैरे?"

"जातो की. बैल आनायला गेल्तो."

"लांबून बाजार ऐकलाय? काय ऐकू येतं?"

"गलका. काय कळत न्हाई."

"बरोबर. कारण आत जो तो आपापला सौदा करतोय. तो गलका म्हणजे बाजार चालू आहे. मेंदूतल्या पेशी तशाच आहेत. एकेकीचा आवाज कवटीच्या बाहेर येतच नाही, पुष्कळ जणी एकदम बोलल्या तरच आमच्या लेखणीला कळतं. आता समजा, त्या बाजारातले सगळे एकदम घोषणा द्यायला लागले. सेकंदाला तीन. तुम्हाला लांबून मोठा सुंदर आवाज येईल. पण सौदा?" डॉक्टर पुढे सांगत होते. मेंदूच्या खोल मध्यभागी पेशींचा एक पुंजका असतो, तो आणि वरचा थर एकमेकांना ठेका देत असतात, झोप लागताना असा ठेका चालतो आणि तिथे तो हवाच असतो. पण या मुलीत तो मधेच, जागेपणी, वेगळ्याच जोराने धरतो, क्षणात दोन्ही बाजूंना पसरतो आणि तेवढा वेळ ती कुठेच नसते. "ते पान म्हणजे तिची ट्रिप आहे. दुसऱ्या चवडीत ते नव्हतं, कारण गोळी लागू पडली होती."

अप्पा टेबलाच्या कडेकडे बघत होते. डॉक्टरांना नव्हे, स्वतःलाच म्हणाले, "म्हंजे सगळ्या मोटारी एकदम चालू, एकदम बंद. मिल बंद, पंप बंद, सगळंच बंद. कारखाना कसा चालंल." मग त्यांनी वर बघितलं. "मी ते देवाशेजारी लावलं हुतं, साहेब." डॉक्टर म्हणाले, "मी समजावून सांगायला हवं होतं." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते दिलासा म्हणून सांगितलं, पण मला वाटतं त्यानेच अप्पा मोडले. ते म्हणाले, या प्रकारात बहुतेक मुलांचं वय वाढलं की हे आपोआप थांबतं. "फक्त मधली शाळेची वर्षं गोळीवर काढून द्यायची असतात."

मधली वर्षं. गोळ्या परत सुरू झाल्या, या खेपेला बेताच्या, केसही फार गेले नाहीत. पण आईने त्याच आठवड्यात शाळेत जाऊन छायाचा दाखला आणला. "पाटाच्या रस्त्याला माझी पोरगी परत जानार न्हाई." मी रडून सांगितलं, डबलसीट नेईन म्हटलं. छाया अप्पांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. आमच्या घरात शाळेची बाजू घेणारे अप्पाच होते. त्यांनी एकदा म्हटलं असतं तर आईने ऐकलं असतं. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग फ्रेमच्या जागेकडे आणि म्हणाले, "तुझी आई म्हनंल तसं." तेवढंच. एकदा कागद चुकीचा वाचलेल्या माणसाने पुन्हा काही वाचून सांगायचा हक्क स्वतःच सोडून दिला होता. त्यांची पहिली चूक दुरुस्त झाली, गोळ्यांच्या डबीसारखी फडताळातून खाली आली. त्यांचं हे गप्प राहणं मात्र दुरुस्त झालं नाही. पुढच्या हंगामात जनित्र लाइनीला जोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या ऑपरेटरला पुढे केलं. "डोळं साथ देत न्हाईत आता," म्हणाले. त्यांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

छायाच्या ट्रिपा अठराव्या वर्षाच्या आसपास विरत गेल्या आणि मग थांबल्या, डॉक्टर म्हणाले होते तशाच. गोळ्याही सुटल्या. तोवर तिच्या वर्गातल्या मुली कॉलेजात होत्या. तिचं लग्न काष्टीला झालं, नवऱ्याचं खताचं दुकान, माणसं चांगली. दुकानाचा हिशेब ती तोंडी करते आणि गिऱ्हाईक कॅल्क्युलेटर काढेपर्यंत आकडा सांगून मोकळी होते. लोक कौतुक करतात. मला त्या कौतुकाचा त्रास होतो, तिला होत नसावा. मी एकदा विचारलं होतं, तुला वाईट नाही वाटत? ती शेंगोळी वळत होती. "वाटतं ना," ती म्हणाली, आणि पीठ लांबवत राहिली.

फ्रेमचं सांगायचं राहिलं. नगरहून आल्यावर अप्पांनी ती उतरवली, पान काढून चुलीत घातलं. आम्हाला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी ती परत खिळ्यावर होती आणि आत दुसऱ्या चवडीतलं एक पान होतं, गोळी लागू पडली होती तेव्हाचं. नुसता गिचमिडा. आईने त्यालाही हळदकुंकू लावलं. घरी येणारे विचारायचे, हे पोरांनी रेघोट्या मारलेलं कशाला लावलंय? अप्पा म्हणायचे, "माझ्या पोरीचं डोकं हाय. बाजार भरलाय."

अप्पा गेल्यावर कॉलनीतलं घर रिकामं करायचं होतं. मी नेहमीसारखी यादी केली, कोणती वस्तू कुणाकडे. छायाने यादी वाचलीच नाही. खिळ्यावरची फ्रेम काढून पदराने पुसली आणि पिशवीत घातली. आता ती काष्टीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी असते, जरा एका बाजूला कललेली. मी गेले की आधी चप्पल काढते, मग ती फ्रेम सरळ करते. हात आपोआपच जातो. मागच्या खेपेलाही गेला.

"राहू दे गं अक्का," छाया आतून म्हणाली. तिने वळूनही बघितलं नव्हतं. "वाकडीच बरी हाय ती."